पाणथळीत पाहुण्यानं बसावं

पाणथळ अभयारण्यातून परतणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : “काही विशेष दिसलं नाही.” वाघाच्या जंगलातून परतणारेही असंच म्हणतात, पण तिथे निदान वाघ दिसलेला नसतो हे खरं असतं. पाणथळीत समोर शेकडो, कधी हजारो जीव वावरत असतात आणि तरी माणूस कोरडाच परततो. या तक्रारीवर व्यवस्थापनाचं उत्तर ठरलेलं आहे. बांधावर फरशा घालायच्या, पाण्यात होड्या सोडायच्या, कमान आणि सेल्फीची जागा उभारायची, आणि पाहुण्याला पक्ष्यांच्या आणखी थोडं जवळ न्यायचं. हे उत्तर मुळातच चुकतं आहे असं मला वाटतं. पाणथळीत पाहुण्याची खरी सोय करायची तर त्याला हिंडवणं थांबवून एका जागी बसवायला हवं. आणि बसल्या जागेवरून त्याला काही दिसावं यासाठी सगळ्यात आधी पाण्याची आणि चिखलाची काळजी घ्यायला हवी.

चिखल हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण पाणथळीत सगळं काही तिथेच चाललेलं असतं.

पावसाळा सरून पाणी उतरू लागलं की काठाचा पंधरा-वीस पावलांचा एक तुकडा नीट पाहावा. वर भेगाळलेली माती, तिच्याखाली ओल, मग चकाकता चिखल, मग बोटभर पाणी, वीतभर, गुडघाभर. या उतारावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ओल्या मातीवर धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपतो. चिखल जिथे मऊ आहे तिथे पाणलावा आपली लांब चोच मुळापर्यंत खुपसतो. त्या चोचीचं टोक लवचिक असतं. बाकीची चोच गाळात रुतलेली असतानाही फक्त टोक उघडून त्याला अळी धरता येते. अळी त्याला दिसत नाही, ती चोचीला जाणवते. टोकाशी दाब ओळखणाऱ्या संवेदी पेशी दाटीनं असतात आणि ओल्या चिखलातली बारीकशी हालचालही त्यांना कळते. हाच चिखल वाळून घट्ट झाला की ती चोच निरुपयोगी होते.

दोन पावलं पुढे बोटभर पाण्यात तुतवार धावत असतात. त्यांच्यापुढे लांबलचक गुलाबी पायांवर शेकाटे, मग थापट्या बदकं. या बदकांच्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दात्यांची रांग असते आणि तिच्यातून पाणी गाळून ती अन्न मिळवतात. कधी ती घोळका करून एकामागोमाग गोल फिरत राहतात. त्यांच्या पायांनी पाणी घुसळलं जातं, खालचे कण वर येतात आणि पुढच्याच्या मागे मागच्याला खायला मिळतं. चमचा हा पक्षी अर्धी उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. त्याच्यापुढे गुडघाभर पाण्यात करकोचे उभे असतात. त्यातला उघड्या चोचीचा करकोचा, म्हणजे मुग्धबलाक, पाण्यातली गोगलगाय शोधून तिच्या शंखातला मऊ जीव ओढून काढतो. आणखी पुढे तरंगत्या पानांवर कमळपक्ष्याचा नर अंडी उबवत बसलेला असतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून गेलेली असते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं त्या एकट्या नराच्या अंगावर.

हे सगळं वीस पावलांत घडतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच चालत्या माणसाला दिसत नाही. तो पोहोचेपर्यंत पाणलावा गवतात दबलेला असतो, शेकाटे ओरडत उडालेले असतात, बदकं खोल पाण्याकडे सरकलेली असतात. त्याला दिसतो तो रिकामा चिखल. मग “काही विशेष नाही” म्हणून तो परततो. त्याचंही चुकलं असं नाही, त्याला पाहण्याची दुसरी रीत कुणी दाखवलेलीच नसते.

सुशोभीकरणाचा घाव नेमका या उतारावर बसतो. काठ उघडा-बोडका दिसतो म्हणून त्याला दगडांनी पिचिंग केलं जातं. पाणी उथळ आणि गढूळ दिसतं म्हणून गाळ उपसून खोली वाढवली जाते. पाणबेटं आणि लव्हाळी ‘कचरा’ म्हणून काढली जातात. वर्षभर काठोकाठ पाणी दिसावं अशी मागणी होते आणि ती पुरीही केली जाते. तयार होतं ते एक देखणं तळं. त्यात पाणकावळे बुड्या मारतील, थोडी पाणबुडी बदकं येतील. पण ज्यांना वीतभराहून जास्त पाणी चालत नाही, अशा सगळ्यांचा संसार उठलेला असतो. पाणथळ जागा म्हणून तिला मिळालेलं संरक्षण कागदावर शाबूत राहतं, फक्त पाणथळ उरत नाही.

गाळाबद्दल आपल्या मनात असलेली नावड इथे आडवी येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरला बंधारा झाला. तो सिंचनासाठी होता. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात जे नुकसान होतं, त्याच गाळानं तिथलं अभयारण्य घडवलं. पुढे २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. ज्या करारावरून हे नाव आलं तो करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी झाला. त्याच्या व्याख्येत पाणथळ नैसर्गिक असो की मानवनिर्मित, कायमची असो की हंगामी, असा भेद केलेला नाही. ही उदार व्याख्या मला फार शहाणपणाची वाटते, कारण जगातल्या कितीतरी उत्तम पाणथळी माणसाच्या हातून, कधी कधी अजाणता, घडलेल्या आहेत. हंगामी हा शब्दही तितकाच मोलाचा. पाणथळीत पाणी चढायला हवं तसंच ते उतरायलाही हवं. उन्हाळ्यात आटलेली, भेगा पडलेली पाणथळ पाहून हळहळणाऱ्यांना कुणीतरी हे सांगायला हवं की ती तेव्हाही ठणठणीत असू शकते.

आता पाहुण्याकडे वळू. पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला आपला त्रास झाला नाही, असा आपला समज असतो. खरं तर त्रास उडण्याच्या बराच आधी सुरू होतो. माणूस बांधावर दिसताच आधी टिटवी ओरडते. मग माना वर होतात, चोची चिखलातून बाहेर येतात. पक्षी जागचा हललेला नसतो, पण त्याचं खाणं थांबलेलं असतं. माणूस पाच मिनिटं उभा राहिला तर ती पाच मिनिटं गेली. मागून दुसरा गट आला की आणखी पाच. हिवाळ्याचा दिवस लहान आणि पाहुण्यांची रीघ मोठी असेल तर खाण्याचा वेळ किती उरतो हे पाहायला हवं.

याहून अवघड गोष्ट अशी की जो पक्षी माणसाला सगळ्यात जवळ येऊ देतो तोच कदाचित सगळ्यात अडचणीत असतो. समुद्रकिनाऱ्यावरचे दगड उलथून किडे खाणाऱ्या टर्नस्टोन या पक्ष्यांवर ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. काहींना जादा खाद्य दिलं गेलं, काहींना नाही. माणूस जवळ येताच पोट भरलेले पक्षी आधी आणि लांबूनच उडाले, उपाशी मात्र बराच वेळ जागेवरून हलले नाहीत. उडून दुसरीकडे जाण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. म्हणून “इथले पक्षी माणसाळलेत, किती जवळ येऊ देतात बघा” हे वाक्य ऐकलं की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. तो पक्षी खरोखर सवयीनं शांत आहे की भुकेनं खिळला आहे, हे कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला ठरवता येत नाही.

आणि हे खाणं म्हणजे निव्वळ रोजचं पोट नसतं. स्थलांतर करणारा पक्षी निघण्याआधी अंगात चरबी साठवतो, तेच त्याचं इंधन. २०२२ मध्ये पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या एका तरुण बार-टेल्ड गॉडविटनं, म्हणजे चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या एका किनारपक्ष्यानं, अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचं अंतर अकरा दिवसांत कुठेही न उतरता पार केलं. हा पक्षी समुद्रावर उतरून तरंगू शकत नाही. म्हणजे निघण्यापूर्वी चिखलात जे मिळालं तेवढ्यावर संपूर्ण प्रवास. हिवाळ्याच्या शेवटी एखाद्या पाणथळीत अस्वस्थपणे खात सुटलेले पक्षी आपण होडी घालून उडवतो, तेव्हा नेमकं काय हिरावून घेतो ते या आकड्यावरून समजावं. दिवसा पाण्यावर डोकं पंखात खुपसून पडलेल्या बदकांचंही तसंच. ती आळशी नसतात. पुष्कळ बदकं रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. “झोपलीत, जरा टाळी वाजव” म्हणणारा पाहुणा त्यांची कामाची वेळ बिघडवत असतो.

विणीच्या काळात तर पाहुण्याला घरट्यांच्या वसाहतीजवळ फिरकूच देऊ नये, याबाबत मी तडजोड करणार नाही. उन्हात चित्रबलाक हे करकोचे पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभे राहतात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि तापलेली अंडी थंड ठेवते. आईबाप उडाले की ऊन आणि कावळे दोघंही लगेच आपलं काम सुरू करतात. कमळपक्ष्याचं घरटं तर तरंगत्या पानांवरच असतं, जवळून गेलेल्या मोटारबोटीची एक लाट त्याला पुरेशी आहे.

मग करायचं काय? याचं उत्तर साठ वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मिन्समियर नावाची दलदल आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला किनाऱ्यावर उतरता येऊ नये म्हणून तिथली कुरणं पाण्याखाली सोडली गेली. त्या उथळ पाण्यावर १९४७ मध्ये अव्होसेट हे वर वळलेल्या चोचीचे काळे-पांढरे पक्षी परत आले आणि त्यांनी वीण केली. त्याआधी सुमारे शंभर वर्षं ते ब्रिटनमधून विणीचे पक्षी म्हणून नाहीसे झाल्यातच जमा होते. पुढे १९६२ पासून तिथले वॉर्डन बर्ट ॲक्सेल यांनी जमीन खरवडून एक मोठं उथळ पाणी तयार करायला घेतलं. त्यात छोटी बेटं ठेवली, पाण्याची पातळी खालीवर करण्यासाठी दारं बसवली, आणि भोवती लाकडी हाईड उभे केले. हाईड म्हणजे बसायला बाक आणि पाहायला आडव्या फटी असलेली साधी खोली. तिच्याकडे जाणारी वाट आडोशानं झाकलेली, म्हणजे आत शिरणारा माणूस पक्ष्यांना दिसतच नाही. पक्षी फटीसमोर येऊन चरतात. लोक तासन् तास बसतात आणि त्यांना जे दिसतं ते होडीतल्या माणसाला कधी दिसत नाही. पाहुणा आणि पक्षी दोघांचा विचार एकाच नकाशात केला तर दोघांचंही भलं होतं, हे तिथे कळतं.

हाँगकाँगच्या माय पो अभयारण्यात हाच विचार दुसऱ्या अंगानं दिसतो. तिथे जुनी कोळंबीची तळी आहेत, भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणारी. कोळंबीचा हंगाम संपला की हिवाळ्यात एकेका तळ्याचं पाणी पाळीपाळीनं उतरवतात. तळाशी उरलेले छोटे मासे आणि कोळंबी खायला बगळे आणि दुर्मीळ काळ्या तोंडाचे चमचे गर्दी करतात. आत जायला परवाना लागतो, आणि खाडीच्या काठचे हाईड तिवरांमधून जाणाऱ्या तरंगत्या वाटेच्या टोकाला आहेत. शेजारी एवढं दाट महानगर असताना हे चालतं. तेव्हा “आमच्याकडे गर्दी फार, इथे हे जमायचं नाही” ही सबब मला पटत नाही.

हाईडचा आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. गुडघे दुखणारा म्हातारा माणूस, चाकाच्या खुर्चीतली मुलगी, तीन वर्षांचं पोर घेऊन आलेली आई, या कुणालाच चार किलोमीटरचा बांध तुडवता येत नाही आणि डगमगत्या होडीत चढता येत नाही. प्रवेशद्वारापासून जवळ, उताराची वाट असलेला, खालच्या फटीही ठेवलेला हाईड त्यांना पाणथळ पहिल्यांदाच खुली करतो. त्याचा खर्चही काँक्रीटच्या मार्गिकेपेक्षा आणि रोषणाईपेक्षा कितीतरी कमी.

या भूमिकेवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, एवढी बंधनं कशाला, पाणथळीत माणसाला बंदीच करा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी राजस्थानातल्या भरतपूरचा इतिहास आठवावा. तिथली केवलादेव ही पाणथळही माणसानंच राखलेली. अठराव्या शतकात बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर ती पोसली. संस्थानिकांची ती शिकारीची जागा होती. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, ती नोंद कोरलेला दगड आजही तिथे उभा आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींची चराई बंद केली गेली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे बळी गेले. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून जे समोर आलं ते संरक्षणवाद्यांना अस्वस्थ करणारं होतं. म्हशी गेल्यावर पाणगवत माजलं, उघडं पाणी त्यानं गिळलं आणि पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. नंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. १९९० मध्ये ही जागा रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेली, तेव्हा नोंदलेल्या कारणांत पाण्याच्या टंचाईसोबत चराईचं बिघडलेलं गणितही होतं.

या घटनेतली मला सर्वात बोचणारी बाब अशी की गुराखी बाहेर काढला गेला आणि पर्यटक आत राहिला. एकाची म्हैस पाणथळीला उपयोगी पडत होती, दुसरा फक्त पाहून जात होता. तरी ‘उपद्रव’ हे लेबल गुराख्याला लागलं. म्हणून माणूस विरुद्ध निसर्ग अशी मांडणी मला इथे कामाची वाटत नाही. गवत कापणारा, मर्यादेत मासे धरणारा, गुरं चारणारा यांचा पाणथळीशी देण्याघेण्याचा संबंध आहे आणि तो तपासून, मोजून चालू ठेवता येतो. पाहुण्याचा संबंध नवा आहे. त्यालाही पाणथळीत जागा आहे, मी तर म्हणेन त्याची गरज आहे. पाणथळीला पिढ्यान् पिढ्या पडीक जमीन मानलं गेलं, भराव टाकून बुजवलं गेलं, कचऱ्याचं आगार केलं गेलं. पुढचा भराव अडवायला उभी राहतील ती माणसं तिथे कधीतरी येऊन बसलेलीच असणार.

दुसरा आक्षेप पोटाचा. पाणथळीकाठची मंडळी होडी वल्हवून आणि पक्षी दाखवून कमावतात, त्यांचं काय? या आक्षेपाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचं निसर्गप्रेम मला अपुरं वाटतं. पण दोष नावाड्याचा नसतो, त्याला मिळणाऱ्या पैशाच्या रीतीचा असतो. “जवळून फोटो मिळाला तर जास्त देऊ” असं सांगणारा पाहुणा त्याला थव्यात होडी घालायला भाग पाडतो. दिवसाचा ठरलेला मेहनताना, हाईडमध्ये बसून पक्षी ओळखून दाखवण्याचं काम, पाणपातळीच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं पगारी काम, जलपर्णी काढण्याचं हंगामी काम, असं सगळं त्याच माणसांच्या हाती दिलं तर होडीवरचा भार कमी होईल. होड्या एकदम बंद कराव्यात असं मी म्हणत नाही. ठरलेल्या मार्गावर, वल्ह्यांच्या, मोजक्या, आणि जानेवारीनंतर खाण्याच्या जागांपासून लांब ठेवलेल्या होड्या चालू शकतात.

पाहुण्यानं स्वतःहून करण्यासारखंही बरंच आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला लपणीतून बाहेर काढू नये. त्याला तो आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि वेळ-शक्ती खर्चून तो त्याचा शोध घेत राहतो. ड्रोन उडवू नये, खालच्या पक्ष्यांना तो शिकारी पक्ष्यासारखा भासतो. दुर्मीळ पक्षी दिसला तर घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. आणि यादीतल्या आकड्यासाठी दिवसभरात तीन पाणथळी उरकण्यापेक्षा एकीत सकाळ काढावी. दलदलीतला भोवत्या हा शिकारी पक्षी आकाशात दिसला की अख्ख्या पाण्यावरच्या माना कशा एकाच दिशेला वळतात, कोण उडतं, कोण फक्त पाण्यात थोडं दबतं, तो निघून गेल्यावर चरायला सगळ्यात आधी कोण परत येतं, हे पाहायला वेळच लागतो.

बसून पाहायचं ठरवलं तर दिवसाला कमी माणसं मावतील, हे उघड आहे. सुट्टीच्या दिवशी काहींना वेळ आरक्षित करून यावं लागेल, काहींना परत जावं लागेल. निम्म्याहून अधिक पाणी तर कुणालाच कधी पाहता येणार नाही. हे मला मान्य आहे, व्यवस्थापनानंही ते उघडपणे मान्य करावं. आज अभयारण्याचं यश किती पर्यटक आले आणि किती महसूल जमला यावर मोजलं जातं, आणि बाकीच्या चुका त्या मोजमापातून जन्मतात. प्रत्येक पाणथळ अभयारण्यानं पर्यटकांच्या आकड्यांशेजारी आणखी तीन गोष्टी दरवर्षी जाहीर कराव्यात : दर महिन्याला पाणी किती खोल होतं, उघडा चिखल किती होता, आणि किती वसाहतींतून किती पिल्लं उडाली. हे आकडे प्रवेशद्वारावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी लावावेत, म्हणजे पुढच्या वर्षी होड्या वाढवायच्या की एखादं दार उघडून पाणी उतरवायचं, यावरचा वाद त्या आकड्यांवर बोट ठेवून करता येईल.